अंगावर चालून येणारा बॉक्सर आणि जो फ्रेझरचे चार पराभव

सह्यकडा

नमस्कार मंडळी. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या लढती बघताना एक गोष्ट वारंवार दिसते. उंच, लांब हाताचा, चांगला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) असलेला मुलगा पहिली फेरी आरामात घेतो. दुसऱ्या फेरीत समोरचा बुटका, भरीव अंगाचा मुलगा हनुवटी छातीला टेकवून चालत येतो. जॅब खातो, तरी येतो. उंच मुलगा सरळ मागे मागे जातो, पाठ दोरीला लागते आणि मग पोटात, बरगड्यांवर ठोसे सुरू होतात. कोपऱ्यातून सर ओरडतात, "मूव्ह कर, मूव्ह कर!" मुलगा मूव्ह करतो म्हणजे आणखी पळतो. तिसऱ्या फेरीत त्याच्या पायांत काही उरलेलं नसतं.

आमच्याकडे ५४ किलो गटातली एक गुणी मुलगी आहे. तिचं सध्या हेच चाललंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो. अंगावर येणाऱ्याला पळून हरवता येत नाही. त्याचं पुढचं पाऊल पडतं त्या क्षणी त्याला अडवायचं, आणि तो अडला की त्याच्या समोरून बाजूला व्हायचं. या दोन गोष्टी जोडीने व्हायला हव्यात. नुसतं अंतर वाढवत राहिलो तर रिंग संपते. आपल्या हौशी स्पर्धांची रिंग दोऱ्यांच्या आत ६.१० मीटर चौरस असते. मागे जायला जागा असते ती एवढीच.

उदाहरणासाठी अमेरिकेचा माजी हेवीवेट जगज्जेता जो फ्रेझर घेऊ. चालून येणारा बॉक्सर म्हटलं की मला तोच आठवतो. कारकिर्दीत ३७ लढती, ३२ विजय, १ बरोबरी आणि फक्त ४ पराभव. हे चारही पराभव दोघांनीच केले: जॉर्ज फोरमनने दोनदा, मुहम्मद अलीने दोनदा. त्या दोघांच्या रीती मात्र एकमेकांपासून फार वेगळ्या होत्या.

२२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. ती लढत बघताना फोरमनचे ठोसे बाजूला ठेवा आणि त्याचे तळहात बघा. फ्रेझर कंबरेत वाकत, डोलत आत शिरायचा. फोरमन दोन्ही हात पुढे करून त्याला खांद्यांवर ढकलायचा, त्याचा तोल मोडायचा आणि डोकं परत वर येतं तिथे अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) किंवा उजवा ठोसा ठेवायचा. तो मागे जवळजवळ गेलाच नाही. फ्रेझरची सगळी लय आत शिरण्यावर होती, आणि ती दारातच मोडली.

अलीला मात्र त्याचं उत्तर सापडायला वेळ लागला. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो हरला. १५ व्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हूकने (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने) तो पाठीवर पडला. त्या रात्री अली फार वेळ दोरीला टेकून राहिला होता. २८ जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या लढतीत त्याने पद्धत बदलली. दोन-तीन झटपट ठोसे मारायचे आणि फ्रेझर आत आला की डाव्या हाताने त्याची मान धरून डोकं खाली ओढायचं. फ्रेझरला जवळून मारायला जागाच उरली नाही. अली १२ फेऱ्यांत गुणांवर जिंकला.

तिसरी लढत म्हणजे १ ऑक्टोबर १९७५, मनिला. १४ फेऱ्यांनंतर फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. तिचा विषय वेगळा आहे, कारण ती अली जिंकला असला तरी तिच्यातून पोरांना शिकवण्यासारखी पद्धत मला काढता येत नाही. दोघांनीही तिथे भयंकर किंमत मोजली.

तुमच्याकडे काय शिकवतात, काय उपयोगी पडतं, सविस्तर लिहा.


ठोसेबाज

छान विषय. मूळ मुद्द्याशी सहमत, पण फोरमनच्या उदाहरणाला माझी हरकत आहे. तळहाताने ढकलणं हा हौशी नियमांत फाउल आहे. पंच आधी समज देईल, मग वॉर्निंग, आणि वॉर्निंग मिळाली की गुण कापला जातो. मान धरून डोकं खाली ओढणंही फाउलच. म्हणजे तुम्ही सांगितलेली दोन्ही उत्तरं आपल्या पोरांना जशीच्या तशी वापरता येणार नाहीत. शिवाय फोरमनकडे जी ताकद होती ती कुणाला शिकवून येत नाही.

त्यातलं घेण्यासारखं काय, तर जागा. फोरमनने फ्रेझरला जिथे अडवलं ती जागा, म्हणजे त्याचं पुढचं पाऊल उचललेलं असतानाची. हे काम ठोशानेही होतं. आम्ही छातीवरचा जॅब शिकवतो. चालून येणाऱ्याचं डोकं हलत असतं, त्यावर मारलेले निम्मे जॅब हवेत जातात. छातीचं हाड एवढं हलत नाही. तिथे सरळ हाताने, पुढच्या पायावर थोडं वजन देऊन जॅब बसला की समोरच्याचं पाऊल अर्धवट पडतं. त्याने त्याला दुखत नाही, गुणही फारसा मिळत नाही. पण त्याचे पाय आणि हात यांचा मेळ तुटतो, आणि पुढचे दोन ठोसे आपले असतात.

हा जॅब गुडघे वाकवून मारायचा. ताठ उभं राहून खाली मारला तर वरून उजवा ठोसा तोंडावर येणार हे नक्की.


मीनाक्षी_क

मी स्वतः खेळले आहे, आणि अंगावर येणाऱ्या मुलींशी खेळणं मला फार जड जायचं, म्हणून लिहिते.

सह्यकडा, तुमच्या मुलीच्या पायांआधी तिचा श्वास बघा. दबावाखाली पहिली गोष्ट बिघडते ती तीच. माणूस श्वास धरून ठेवतो, खांदे कानांपर्यंत येतात, आणि तीन मिनिटांच्या फेरीतली पहिली दोन मिनिटं संपेपर्यंत हात जड होतात. बाहेरून वाटतं पोरगी दमली. खरं तर ती ताणली गेलेली असते. प्रत्येक ठोशाबरोबर आवाज करून श्वास सोडायची सवय लागली तर अर्धा प्रश्न सुटतो. हे पॅडवर (सरांनी हातात धरलेल्या गादीवर) शिकून पुरत नाही. कुणीतरी अंगावर येत असतानाच ते शिकावं लागतं.

दुसरं, पंचांना काय दिसतं त्याचा विचार करा. गुण देताना लक्ष्यावर बसलेले दर्जेदार ठोसे बघतात, तंत्राने आणि डावपेचांनी लढतीवर वर्चस्व कुणाचं ते बघतात, आणि लढण्याची जिद्द बघतात. नुसतं पुढे चालत येण्याला गुण नाही. पण तुम्ही सतत मागे जाताना दिसलात तर वर्चस्व समोरचीचंच वाटतं, तिचे ठोसे गार्डवर (चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांवर) बसत असले तरी. म्हणून मागे जाताना मारलेले चार जॅब आणि एका जागी पाय रोवून मारलेले दोन ठोसे यांत मी दुसरं निवडेन.

क्लिंचबद्दल, म्हणजे समोरच्याला जवळून धरून ठेवण्याबद्दल, ठोसेबाज यांच्याशी सहमत. पण पूर्ण सोडूही नका. ती आत आली की तिचे दोन्ही हात आपल्या काखेत बंद करायचे, कपाळ तिच्या खांद्याला लावायचं आणि वजन तिच्यावर टाकायचं. पंच "ब्रेक" म्हणेपर्यंत जे काही क्षण मिळतात त्यात तिची लय तुटते. फेरीत एखाद-दुसऱ्या वेळी चालून जातं, सारखं केलं तर समज मिळणारच.


सह्यकडा

मीनाक्षीताई, श्वासाचा मुद्दा अगदी नेमका आहे. आमच्या मुलीचे खांदे दुसऱ्या फेरीपासून वर येतात, ती ते हात खाली पडू नयेत म्हणून करते असं मी धरून चाललो होतो. आता स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) मुद्दाम बघतो.

ठोसेबाज, नियमांचं बरोबर. ढकलायचं नाहीच. पण डावा हात पुढे लांब ठेवून, मूठ बंद, समोरच्याच्या ग्लोव्हला किंवा खांद्याला नुसता स्पर्श ठेवणं चालतं ना? त्या स्पर्शाने अंतर कळतं आणि ती कधी निघणार तेही कळतं.


ठोसेबाज

स्पर्श चालतो. हात तसाच रोखून धरला, किंवा तोंडावर ठेवून दिला, की पंच बोलणार. टेकवायचा आणि काढायचा.


ब्रॉडस्ट्रीट

मी फिलाडेल्फियात राहतो, त्यामुळे फ्रेझरचं नाव वाचून राहवलं नाही. इथे नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याच्या जिमची इमारत आहे. जिम २००८ मध्ये बंद झाली, पुढे तिथे फर्निचरचं दुकान आलं. २०१३ मध्ये ती इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घेतली गेली. त्याआधी, नोव्हेंबर २०११ मध्ये, फ्रेझर गेला. या शहराने त्याची कदर फार उशिरा केली असं मला मनापासून वाटतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो मुळात राखीव होता. बस्टर मॅथिस जखमी झाला म्हणून त्याला संधी मिळाली आणि अंगठा मोडलेला असताना तो अंतिम लढत खेळून सुवर्णपदक घेऊन आला.

आता विषयाकडे. तुम्ही सगळे फ्रेझरला कसं थांबवायचं ते सांगताय. पण तो आत कसा यायचा ते आधी बघा, नाहीतर उपाय चुकीच्या माणसावर लावाल. चालून येणारे दोन प्रकारचे असतात. एक पाठलाग करतो: तुम्ही डावीकडे गेलात की तुमच्या मागे डावीकडे येतो, मग तुम्ही उजवीकडे गेलात की वळून उजवीकडे. त्याला वर्तुळात फिरवून दमवता येतं. दुसरा वाट कापतो: तुम्ही डावीकडे निघालात की तो तिरपा पाय टाकून तुमच्या पुढे जाऊन उभा राहतो, आणि तुमचं रिंगण फेरीगणिक लहान करत नेतो. फ्रेझर दुसऱ्या प्रकारचा. त्याच्यासमोर फिरत राहणं म्हणजे स्वतःच्या पायांनी कोपऱ्यात जाणं.

स्पर्धेत पहिल्या अर्ध्या मिनिटात हे ओळखता येतं. मुद्दाम दोन पावलं एका बाजूला टाका आणि त्याचे पाय बघा.

आणि अपरकटबद्दल एक धोक्याची सूचना. वाकून येणाऱ्याला अपरकट मारा हे सगळेच सांगतात. १९७१ च्या लढतीआधी एडी फच यांनी हेरलं होतं की अली उजवा अपरकट मारताना ताठ होतो आणि उजवा हात हनुवटीपासून खाली नेतो. त्यांनी फ्रेझरला सांगून ठेवलं की तो हात खाली जाताना दिसला की डावा हूक सोड. त्या रात्री हूक इतके बसले त्यामागे ही तयारी होती. फोरमनचा अपरकट चालला, कारण त्याने आधी फ्रेझरचा तोल मोडला होता. तोल न मोडता, लांबून, नुसता खालून हात काढलात तर गाल उघडा पडतो. आपल्या मुलांना अपरकट शिकवताना दुसरा हात गालाला चिकटलेला आहे की नाही हे हज्जारदा तपासा.


अनिकेत७

अलीने किन्शासात फोरमनविरुद्ध केलं ते का नाही कुणी सांगत? दोरीला टेकून मार खायचा, समोरच्याला दमवायचं आणि मग मारायचं. ती तर जगातली सगळ्यात गाजलेली लढत.


ठोसेबाज

अनिकेत, ती लढत मलाही फार आवडते. ३० ऑक्टोबर १९७४, आठव्या फेरीत फोरमन खाली. पण ती १५ फेऱ्यांची लढत होती. आपल्याकडे तीन फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या. समोरचा दमायच्या आत लढत संपते आणि दोरीला टेकलेल्याच्या नावावर पंच फेरी देत नाहीत. शिवाय अली नुसता मार खात नव्हता. पहिल्याच फेरीत त्याने उजव्या हाताने थेट ठोसे मारून फोरमनला चिडवलं, दोरीवरूनही तो मारत होता, फोरमनची मान धरून ओढत होता. पोरांना यातला दोरीचा भाग तेवढा लक्षात राहतो. जी मुलं हे बघून येतात आणि दोरीला टेकतात त्यांना मी तिथल्या तिथे थांबवतो. डोक्याला बसलेला मार मोजता येत नाही आणि परत करता येत नाही.


जुना_प्रेक्षक

फ्रेझरबद्दल चाललंय ते ठीकच, पण या विषयावर माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारख्या दोन लढती मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझच्या आहेत, तोही असाच चालून येणारा. दोन्ही सलग बघाव्यात.

पहिली १७ मार्च १९९०, लास व्हेगास. समोर मेल्ड्रिक टेलर, १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, हातांचा वेग असा की बघत राहावं. टेलर फेऱ्यांमागून फेऱ्या जिंकत होता. तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर तो स्पष्ट पुढे होता. पण चावेझ ज्या अंतरावर बलवान होता, त्याच अंतरावर टेलर उभा राहिला. पाच ठोसे मारायचा, आणि पाचवा मारून झाला की तिथेच थांबायचा. चावेझचा एक ठोसा यायचा, पण तो जड असायचा. टेलर गुण मिळवत होता आणि आतून मोडत होता. चेहरा सुजला, तोंडातून रक्त. शेवटची फेरी जिंकायलाच हवी असं त्याला कोपऱ्यातून सांगितलं गेलं, तो लढायला गेला आणि पडला. उठला, पण पंच रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवली तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते. स्टील यांच्या निर्णयावर आजही वाद घालतात. माझं लक्ष त्या दोन सेकंदांपेक्षा आधीच्या अकरा फेऱ्यांकडे जातं. टेलर त्यानंतर पूर्वीसारखा कधी राहिला नाही.

दुसरी १० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियोचा अलामोडोम. चावेझ तोपर्यंत ८७ लढतींत अपराजित. समोर पर्नेल व्हिटेकर, डावखुरा. तोही लांब पळाला नाही. गंमत म्हणजे बराच वेळ तो चावेझच्या जवळच होता. फरक एवढाच की मारून झाल्यावर तो त्याच जागी सापडायचा नाही. उजव्या हाताचा जॅब, मग डावा पोटात, आणि लगेच अर्ध पाऊल बाजूला. चावेझ वळून पाय रोवेपर्यंत पुढचा जॅब आलेला असायचा. चालून येणाऱ्याला मारण्यासाठी पाय रोवावे लागतात. व्हिटेकरने त्याला पाय रोवूच दिले नाहीत. जवळ आल्यावरही हात कुठे, कोपर कुठे, हे तोच ठरवत होता. दोन परीक्षकांनी बरोबरी दिली, एकाने व्हिटेकरला विजयी ठरवलं, म्हणून लढत बरोबरीत सुटली. बहुतेकांच्या मते व्हिटेकर स्पष्ट जिंकला होता, आणि माझंही तेच मत आहे.

हे दोघेही चावेझपेक्षा वेगवान होते. एकाने वेग ठोशांची संख्या वाढवण्यात घालवला, दुसऱ्याने मारल्यानंतरचं पाऊल टाकण्यात.


सह्यकडा

हे शेवटचं वाक्य मी उद्या क्लबात वाचून दाखवणार आहे. "मारल्यानंतरचं पाऊल" आमच्याकडे कुणीच शिकवत नाही. पॅडवर कॉम्बिनेशन (सलग ठोशांची मालिका) संपलं की मुलं तिथेच उभी राहतात आणि सरही पॅड खाली करतात. सवय तिथेच लागते.


मीनाक्षी_क

बाजूला व्हायचं म्हणजे कुठल्या बाजूला, यावर बराच गोंधळ असतो म्हणून लिहिते. दोघी उजव्या हाताच्या, म्हणजे डावा पाय पुढे असलेल्या, असं धरा. समोरचीचा डावा हूक जड असेल तर आपल्या डावीकडे जायचं, म्हणजे तिच्या हूकपासून लांब. तिचा उजवा ठोसा जड असेल तर आपल्या उजवीकडे. फ्रेझरसमोर उजवीकडे जाणं म्हणजे हूकच्या तोंडात जाणं.

डावीकडे जायचा सगळ्यात सुंदर मार्ग म्हणजे चेक हूक. ती धावून आत येते त्या क्षणी आपण डावा हूक मारायचा, आणि मारतानाच डाव्या पायाच्या चवड्यावर फिरायचं. उजवा पाय मागून ओढून आपल्या डाव्या बाजूला आणायचा. हूक बसला तर उत्तम. नाही बसला तरी ती जिथे धावली तिथे आपण नसतो. ८ डिसेंबर २००७ ला फ्लॉइड मेवेदरने दहाव्या फेरीत रिकी हॅटनला असाच मारला. हॅटन स्वतःच्या वेगाने कोपऱ्यातल्या खांबाच्या पॅडवर डोकं आपटून पडला. हॅटनसारखा अखंड पुढे येणारा माणूस त्या काळात दुसरा नव्हता. त्याचाच वेग त्याच्यावर उलटला.

पण हे पाठलाग करणाऱ्यावर चालतं. ब्रॉडस्ट्रीट यांनी सांगितलेला वाट कापणारा घाईने धावत नाही, छोटी छोटी पावलं टाकत येतो. त्याच्यावर चेक हूक मारायला गेलात तर तो फक्त गार्ड वर घेतो आणि तुमच्या उघड्या पोटावर मारतो. त्याला आधी छातीवरच्या जॅबने किंवा हुलकावणीने दचकवावं लागतं.


कोल्हापूरची_आई

तुमच्या चर्चेत मध्येच येते. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, दीड-दोन वर्षं बॉक्सिंग करतोय. त्याच्या क्लबात एक मोठा मुलगा आहे, स्पॅरिंगमध्ये सतत अंगावर येतो. सर म्हणतात, मार खाऊनच शिकशील. गेल्या आठवड्यात घरी आल्यावर त्याचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी सकाळीही. मी काळजी करणं बरोबर आहे का?


ठोसेबाज

ताई, पूर्ण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही डोकं दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगेपर्यंत स्पॅरिंग बंद. पॅड, बॅग, कशावरही डोक्याला धक्का बसेल असं काही नको. उलटी, चक्कर, उजेड सहन न होणं, विसरायला होणं, झोपेत फरक, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

आणि सरांशी बोला. मार खाऊन कुणी बचाव शिकत नाही. माणूस शिकतो ते डोळे उघडे ठेवायला जमेल इतक्या वेगात, हळूहळू वाढवत. वजनात आणि वयात एवढा फरक असताना मोठ्या मुलाने पूर्ण जोर लावणं हे क्लबाचं अपयश आहे. सर ऐकत नसतील तर क्लब बदला. मुलाची आवड त्याने जाणार नाही.


मीनाक्षी_क

ताई, मीही हेच म्हणेन. त्याला सांगा की दुखतंय हे सरांना सांगण्यात काही कमीपणा नाही. चांगले बॉक्सर सांगतात.


कोल्हापूरची_आई

धन्यवाद दोघांनाही. आज संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.


अनिकेत७

काळजी घ्या ताई.

विषयावर एक प्रश्न. सगळे म्हणताय की अडवा आणि बाजूला व्हा. पण उलट त्यालाच मागे ढकललं तर? म्हणजे आपणच चालून गेलो तर?


जुना_प्रेक्षक

चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं एक मोठं उदाहरण अलीकडचंच आहे. गेन्नादी गोलोवकिन म्हणजे वाट कापणारा, शांतपणे चालत येणारा. २०१७ च्या पहिल्या लढतीत कानेलो अल्वारेझ बराच काळ त्याच्यापुढे मागे सरकत, दोरीजवळ लढला, आणि लढत बरोबरीत सुटली. १५ सप्टेंबर २०१८ ला दुसऱ्या लढतीत कानेलोने रिंगच्या मधोमध उभं राहायचं ठरवलं आणि बऱ्याच फेऱ्यांत गोलोवकिनला मागे सरकायला लावलं. निकाल बहुमताने कानेलोकडे गेला. तोही वादग्रस्त ठरला, फरक अगदी थोडा होता. पण डावपेचांच्या दृष्टीने बघा: वर्षानुवर्षं पुढे चालत जिंकणारा माणूस मागच्या पायावर कसा वेगळा दिसतो.

चालून येणाऱ्यांपैकी अनेकांना मागे जाताना मारताच येत नाही. त्यांचा सगळा सराव पुढे जाण्याचा असतो.


सह्यकडा

याच्याशी सहमत, फक्त हे कुणाला सांगायचं ते बघून सांगावं लागतं. कानेलोची हनुवटी आणि खांद्यांची ताकद असेल तर मधोमध उभं राहता येतं. आमची मुलगी सडपातळ आहे. तिने मधोमध उभं राहून ठोशाला ठोसा केला तर समोरचीला हवं तेच मिळेल. तिला मी असं सांगेन की घंटा वाजताच पहिले दहा-पंधरा सेकंद रिंगचा मध्य तू घे, दोन चांगले जॅब ठेव, म्हणजे ती तुझ्याकडे चालत येईल तेव्हा तुझ्या मागे अर्धी रिंग शिल्लक असेल. बरीच मुलं घंटा वाजल्यावर स्वतःच्या कोपऱ्यातून दोन पावलं पुढे येतात आणि तिथेच थांबतात. निम्मी जागा त्यांनी न लढताच दिलेली असते.

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांवरून सरावाचा आराखडा केलाय. जमिनीवर टेपने छोटा चौकोन आखायचा, खऱ्या रिंगच्या अर्ध्याहून कमी. एकीने फक्त चालत यायचं, गार्ड वर, छातीला जाड पॅड बांधून, ठोसा मारायचा नाही. दुसरीने फक्त छातीवर जॅब आणि लगेच बाजूला पाऊल. चौकोनाच्या रेषेवर टाच पडली की थांबून पुन्हा मधून सुरुवात. हे जमलं की चालत येणारीला फक्त पोटावर, हलक्या हाताने मारायची मुभा. डोक्यावरचे ठोसे सगळ्यात शेवटी, तेही हेडगार्ड घालून, निम्म्या वेगाने. फेरी दोन मिनिटांची ठेवतोय, कारण तिसऱ्या मिनिटात दमून पाय सरळ मागे जायला लागतात आणि चुकीचीच सवय पक्की होते. दम आला की वाढवू.

पॅड धरणाऱ्यासाठी एक बदल: कॉम्बिनेशन संपलं की पॅड खाली करायचे नाहीत. शेवटच्या ठोशानंतर पॅड घेऊन एक पाऊल मुलीच्या अंगावर जायचं. ती बाजूला झाली नसेल तर पॅड तिच्या खांद्याला लागेल.


ठोसेबाज

आराखडा चांगला आहे. चालत येणारी मुलगी आळीपाळीने बदलत राहा. एकीच्याच लयीची सवय झाली तर स्पर्धेत दुसरी लय आली की सगळं विसकटतं. एखादी डावखुरी असेल तर तिला नक्की घ्या.


सह्यकडा

डावखुरी एक आहे. पण तिच्यासमोर बाजू उलटतात ना? मीनाक्षीताईंनी सांगितलेलं डावीकडे जाणं तिथे चालेल का?


मीनाक्षी_क

डावखुरीसमोर तिचा जड हात बहुधा मागचा, म्हणजे डावा असतो, आणि तो आपल्या उजव्या बाजूला असतो. म्हणून तिथेही आपल्या डावीकडेच जायचं. फक्त आपला पुढचा डावा पाय तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला पाहिजे. पाय आत पडला तर तिचा डावा ठोसा सरळ आत येतो. चालून येणारी डावखुरी नेमकी याच जागेसाठी भांडते, त्यामुळे आधी फक्त पायांचा सराव घ्या, हात पाठीमागे बांधून. आणि छातीवरचा जॅब तिच्यावर कमी चालतो, तिचा पुढचा हात मध्ये येतो. तिथे उजवा सरळ ठोसा पोटात मारायला शिकवा, डावा पाय बाहेर ठेवून.